गरोदरपणातील विद्युतचुंबकीय लहरी : टॉवर, मोबाइल, इंडक्शन शेगडी आणि एक्स-रे यांची काळजी किती करावी

कोल्हापुरातील राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीच्या हिशेब विभागात नोकरी करणाऱ्या एका भगिनीने प्रश्न विचारला आहे. त्यांना चौदावा आठवडा सुरू आहे. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे, दिवसभर संगणकासमोर बसावे लागते, कार्यालयाच्या मागच्या शेडमध्ये इंडक्शन फर्नेस, म्हणजे धातू वितळवणारी विजेची भट्टी, चालते आणि घरी स्वयंपाकाला इंडक्शन शेगडी वापरली जाते. गर्भधारणा लक्षात येण्यापूर्वी, पाचव्या आठवड्याच्या सुमारास, त्यांच्या दाढेचा एक्स-रे काढला गेला होता. एका विक्रेत्याने त्यांच्या सासूबाईंना ‘रेडिएशनरोधक’ पोटपट्टा घेण्याचा आग्रह केला आहे. तो घ्यावा का, नोकरी सोडावी का, आणि गगनबावड्याकडील माहेरी लहरी कमी असतील म्हणून बाळंतपणापर्यंत तिकडेच जाऊन राहावे का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

प्रथम उत्तर देतो आणि मग कारणे सांगतो. घर किंवा नोकरी सोडण्याची आवश्यकता नाही, पोटपट्टा घेऊ नये आणि दाढेच्या एक्स-रेची चिंता मनातून काढून टाकावी. इंडक्शन शेगडी वापरण्याच्या पद्धतीत थोडा बदल करावा आणि फर्नेसच्या शेडमध्ये ये-जा करण्याबाबत व्यवस्थापनाशी एकदा स्पष्ट बोलून घ्यावे. गरोदर स्त्रीच्या दृष्टीने विजेशी आणि लहरींशी संबंधित ज्या तीन गोष्टी मला खरोखर महत्त्वाच्या वाटतात, त्यांचा या प्रश्नात उल्लेखच नाही. त्यांच्याकडे मी शेवटी येणार आहे.

मोबाइलच्या लहरी, घरातील वायरिंगभोवतीचे चुंबकीय क्षेत्र, सूर्यप्रकाश आणि एक्स-रे ही सर्व एकाच कुळातील मंडळी असली, तरी त्यांच्या सामर्थ्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अणूतील इलेक्ट्रॉन उखडून काढण्याची आणि त्यायोगे पेशीतील डीएनए थेट तोडण्याची ताकद एक्स-रे आणि गॅमा किरणांत असते. मोबाइलच्या 1800 मेगाहर्ट्झच्या लहरीतील एका ऊर्जाकणाची ऊर्जा यासाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी असते, आणि असे कितीही कण एकत्र आले तरी ते हे काम करू शकत नाहीत. रेडिओ लहरी पुरेशा तीव्र असतील तर शरीर तापते, हा त्यांचा निर्विवाद सिद्ध झालेला परिणाम आहे. आपल्या घरातील 50 हर्ट्झच्या विजेचे चुंबकीय क्षेत्र तर शरीर तापवण्याइतकेही नसते. ते फार तीव्र झाल्यास शरीरात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होऊन मज्जातंतू उत्तेजित होऊ शकतात, परंतु त्यासाठी लागणारी तीव्रता घरात कोठेही आढळत नाही.

आंतरराष्ट्रीय मर्यादा याच दोन परिणामांवर बेतलेल्या आहेत. संपूर्ण शरीराने प्रतिकिलो सुमारे 4 वॅट ऊर्जा शोषली, तर शरीराचे तापमान सुमारे एक अंशाने वाढू शकते. सामान्य नागरिकांसाठीची मर्यादा त्याच्या पन्नासाव्या भागावर, म्हणजे 0.08 वॅटवर ठेवलेली आहे. या मर्यादा सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 2020 सालच्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत एक बाब मुद्दाम स्पष्ट केली आहे. गर्भवती स्त्री कामगार म्हणून कोठेही काम करत असली, तरी तिच्या पोटातील गर्भ हा ‘सामान्य नागरिक’च धरावा आणि तिला कामगारांची शिथिल मर्यादा लावू नये, असे तेथे म्हटले आहे. फाउंड्रीच्या संदर्भात हा मुद्दा पुन्हा लागणार आहे.

आता टॉवर. टॉवरविषयी भीती सर्वांत जास्त असते, कारण तो डोळ्यांना सतत दिसत राहतो. भारतात टॉवरसाठीची मर्यादा 1 सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली गेली. 1800 मेगाहर्ट्झला ती प्रतिचौरस मीटर 0.9 वॅट इतकी येते. नागरी वस्तीत प्रत्यक्ष मोजणी केली असता तीव्रता सहसा या मर्यादेच्याही बरीच खाली आढळते. अँटेनाचा मुख्य झोत जवळजवळ आडवा आणि किंचित खाली झुकलेला असतो. त्यामुळे ज्या इमारतीच्या गच्चीवर टॉवर आहे, त्याच इमारतीत थेट खाली राहणाऱ्यांना तो फारसा पोचत नाही. चौकशी करण्याजोगी परिस्थिती एकच, ती म्हणजे समोरच्या इमारतीवरील अँटेनाचे तोंड आपल्याच खिडकीकडे आहे, ती आपल्याच उंचीवर आहे आणि अंतर फार थोडे आहे. आपले घर तिसऱ्या मजल्यावर आणि अँटेना समोरच्या गच्चीवरील खांबावर आहे, म्हणजे बहुधा ही परिस्थिती आपली नाही. तरीही खात्री हवी असल्यास दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर परिसरातील टॉवर मर्यादा पाळतो की नाही ते पाहता येते आणि शुल्क भरून मोजणीची मागणीही करता येते. शेजारच्या कोणी मोबाइलमधील एखाद्या ॲपवर आकडे दाखवून घाबरवले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. फोनमध्ये असतो तो दिशादर्शकासाठीचा चुंबकीय संवेदक, आणि टॉवरच्या लहरी त्याला मोजताच येत नाहीत.

अंतराचा परिणाम समजून घेण्यासाठी आपल्याकडील गुऱ्हाळ पुरेसे आहे. चुलवाणाच्या तोंडाशी उभे राहिले की अंग भाजते आणि चार पावले मागे सरले की आच जाणवेनाशी होते, चुलवाणातील जाळ मात्र तेवढाच असतो. टॉवरची शक्ती मोठी असली तरी तो दूर आहे. फोनची शक्ती लहान, 4-जी फोनची कमाल सुमारे 0.2 वॅट, पण तो अंगाला चिकटलेला असतो. म्हणून शरीरात शोषल्या जाणाऱ्या रेडिओ लहरींपैकी बराच मोठा वाटा साधारणपणे टॉवरचा नसून स्वतःच्या हातातील फोनचा असतो.

आणि येथेच माहेरी जाण्याच्या विचारातील विसंगती दिसते. फोन आपली शक्ती स्वतःच कमी-जास्त करत असतो. टॉवर जवळ असला की तो अगदी मंद प्रक्षेपण करतो, आणि डोंगराआड, घाटात, दोनच रेघा दिसणाऱ्या ठिकाणी तो टॉवरपर्यंत पोचण्यासाठी पूर्ण ताकद लावतो. गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी या पट्ट्यांत अशी ठिकाणे पुष्कळ आहेत. राजारामपुरीतील टॉवरपासून पळून तेथे जाऊन रोज तासभर फोन कानाला लावून नवऱ्याशी बोलणे, यात लहरींच्या हिशेबाने उलट भरच पडेल. तीही धोक्याची म्हणता येणार नाही, परंतु ज्या कारणासाठी जायचे ते कारणच उरत नाही. माहेरी विश्रांतीसाठी, आईच्या हातचे खाण्यासाठी अवश्य जावे. मात्र शेवटच्या दोन महिन्यांत घाटात नेटवर्क नसलेल्या ठिकाणी राहणे मला वैद्यकीय कारणासाठी पटत नाही, कारण रक्तस्राव सुरू झाला किंवा पाणी गेले तर 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायला फोन लागला पाहिजे.

फोन वापरण्याबाबत माझा सल्ला साधा आहे. तो कमरेला खोचून किंवा पोटावर ठेवून वावरू नये, पर्समध्ये ठेवावा. लांबलचक गप्पा स्पीकरवर किंवा इअरफोनवर माराव्यात आणि रात्री तो उशीखाली न ठेवता टेबलावर ठेवावा. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनसाठी शरीरात लहरी शोषल्या जाण्याची मर्यादा 1 ग्रॅम ऊतीच्या सरासरीने प्रतिकिलो 1.6 वॅट अशी आहे, आणि फोनवर *#07# दाबल्यास बहुतेक फोनवर हा आकडा दिसतो. दोन फोनपैकी कमी आकड्याचा फोन निवडण्यात अर्थ नाही, कारण तो आकडा पूर्ण शक्तीवरील चाचणीचा असतो आणि प्रत्यक्ष वापरात नेटवर्कची स्थितीच अधिक महत्त्वाची ठरते. वाय-फायच्या राउटरची शक्ती साधारण 0.1 वॅट असते आणि तो खोलीच्या कोपऱ्यात असतो, त्यामुळे त्याविषयी यापेक्षा अधिक लिहिण्याचे कारण नाही.

यावर कोणी अभ्यासच केलेला नाही, असे नाही. अभ्यास पुष्कळ झाले आहेत आणि ते एकमेकांशी नेहमीच जुळत नाहीत, हे वाचकांपासून लपवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. 2017 साली डेन्मार्क, नॉर्वे, नेदरलँड्स, स्पेन आणि दक्षिण कोरिया या पाच देशांतील 83,884 माता व मुलांच्या माहितीवरून असे दिसले की, गरोदरपणात फोनवर फार बोलणाऱ्या स्त्रियांच्या मुलांत पाच ते सात वर्षांच्या वयात चंचलपणाच्या तक्रारी काहीशा अधिक होत्या. त्याच वर्षी नॉर्वेतील 45,389 माता व मुलांच्या अभ्यासात नेमके उलट आढळले. फोन वापरणाऱ्या मातांच्या मुलांत तीन वर्षांच्या वयात भाषाविकास रखडण्याचे प्रमाण कमी होते. एकच लहर एका अभ्यासात मेंदूला अपाय करते आणि दुसऱ्यात बोलणे सुधारते, असे मानणे कठीण आहे. फोनवर सतत बोलणारी आई आणि न बोलणारी आई यांच्या शिक्षणात, स्वभावात, घरातील वातावरणात आणि मुलांकडे लक्ष देण्याच्या पद्धतीत जे फरक असतात, तेच अशा आकड्यांत उमटत असावेत, हे स्पष्टीकरण मला अधिक पटते. मूल मोठे झाल्यावर हातातील फोनमुळे आईचे त्याच्याकडे दुर्लक्ष होणे हा निराळा आणि खरा प्रश्न आहे.

यापेक्षा गंभीरपणे घ्यावा असा अभ्यास घरगुती विजेच्या चुंबकीय क्षेत्राविषयीचा आहे, आणि समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या बहुतेक संदेशांचे मूळही तोच असतो. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरातील 913 गर्भवतींच्या अंगावर चोवीस तास मापक बांधून हा अभ्यास केला गेला आणि तो 2017 साली प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांची नोंद 0.25 मायक्रोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) वर होती, त्यांच्यात गर्भपाताचा धोका सुमारे 2.7 पट आढळला. हा आकडा वाचून कोणालाही धडकी भरेल. परंतु त्याच संशोधकांच्या 2002 सालच्या अशाच निष्कर्षावर तेव्हाच एक मार्मिक आक्षेप घेतला गेला होता आणि तो आजही विचारात घ्यावा लागतो. जिची गर्भधारणा उत्तम चालली आहे, तिला पहिल्या तिमाहीत मळमळ, उलट्या आणि थकवा अधिक असतो. ती घरी पडून राहते आणि विजेच्या यंत्रांजवळून तिची ये-जा कमी होते. जिचा गर्भ आधीच नीट वाढत नाही तिला हा त्रास कमी जाणवतो, ती बाजारात जाते, दुकाने, कार्यालये, लिफ्ट यांत वावरते आणि तिच्या मापकावर मोठे आकडे उमटतात. म्हणजे मोठ्या आकड्यामुळे गर्भपात झाला, की गर्भाची वाढ थांबत असल्यामुळे आकडा मोठा आला, हे केवळ एका दिवसाच्या मोजणीवरून सांगता येत नाही. प्रसूतितज्ज्ञ म्हणून मळमळ आणि गर्भाचे स्वास्थ्य यांचा हा संबंध मी बाह्यरुग्ण विभागात नेहमीच पाहतो, त्यामुळे हा आक्षेप मला वजनदार वाटतो. तो पूर्णपणे सिद्ध झाला आहे असे मात्र मी म्हणणार नाही. अनावश्यक जवळीक टाळावी, हा माझा सल्ला त्याच सावधगिरीतून आलेला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने घरगुती विजेच्या चुंबकीय क्षेत्राला 2002 साली आणि रेडिओ लहरींना 2011 साली ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या 2-ब गटात टाकले, हेही खरे आहे. पहिल्याचा आधार बालकांतील रक्ताच्या कर्करोगाचा होता. ज्या घरांत सरासरी क्षेत्र सतत 0.3 ते 0.4 मायक्रोटेस्लाच्या वर असते तेथे हे प्रमाण किंचित अधिक दिसते, पण त्याचे कारण आजही निश्चित झालेले नाही. हा गट पुराव्याच्या बळाचा आहे, धोक्याच्या आकाराचा नव्हे. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कदेखील त्याच 2-ब गटात आहे, आणि तोच अर्क नैसर्गिक म्हणून पिणारी मंडळी मला टॉवरविषयी विचारायला येतात.

संगणकासमोर बसण्याविषयी आता थोडक्यात. 1980च्या दशकात पडद्यावर काम करणाऱ्या स्त्रियांत गर्भपात अधिक होतात अशी भीती पाश्चात्त्य देशांत पसरली होती. त्यावर अमेरिकेतील टेलिफोन ऑपरेटर स्त्रियांचा एक काटेकोर अभ्यास 1991 साली प्रसिद्ध झाला. पडदा वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या स्त्रियांत गर्भपाताच्या प्रमाणात फरक आढळला नाही. तेव्हाचे पडदे काचेच्या नळीचे होते आणि आजच्या सपाट पडद्यांभोवतीचे क्षेत्र त्याहूनही कमी असते. आपल्या नोकरीत खरा त्रास आहे तो सलग बसण्याचा. दर तासाला उठून पाच मिनिटे चालावे, पायांखाली पाट किंवा खोके घ्यावे आणि पाणी पिण्यासाठी बाटली जवळ न ठेवता मुद्दाम उठून जावे. लॅपटॉप मांडीवर न घेता टेबलावर ठेवावा, त्याचे कारण लहरींपेक्षा उष्णता आणि पाठीचा बाक हे आहे.

घरातील उपकरणांबाबत जागतिक आरोग्य संघटनेने दिलेले आकडे पाहिले की चित्र स्पष्ट होते. इस्त्रीपासून 3 सेंटिमीटरवर 8 ते 30 मायक्रोटेस्ला, आणि 30 सेंटिमीटरवर 0.12 ते 0.3. केस वाळवण्याच्या यंत्राचे 3 सेंटिमीटरवर 2000 पर्यंत जाणारे क्षेत्र एका हाताच्या अंतरावर 7 च्या आत येते. फ्रीज 30 सेंटिमीटरवर 0.25 च्या पुढे जात नाही. सामान्य नागरिकांसाठी 50 हर्ट्झची आंतरराष्ट्रीय मर्यादा 200 मायक्रोटेस्ला आहे. रस्त्यावरील महावितरणच्या डीपीची लोकांना फार भीती वाटते, परंतु काही मीटरवर तिचे क्षेत्र घरातील पातळीला येते. डीपीच्या कुंपणापासून दूर राहण्याचे कारण शॉक, ठिणग्या आणि तापलेले तेल हे आहे. गळ्यातील ताईत म्हणून मिरवणाऱ्या ‘लहरीरोधक’ चिपांविषयी आणि मोबाइलला चिकटवण्याच्या स्टिकरांविषयी काय लिहावे? 2020 साली शेणापासून बनवलेली चिपसुद्धा मोठ्या गाजावाजाने सादर झाली होती आणि तिचा पुरावा मागणाऱ्या शास्त्रज्ञांना समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

इंडक्शन शेगडी मात्र वेगळी आहे, आणि घरातील सर्व वस्तूंपैकी हिच्याबद्दलच मी गर्भवतींना आपणहून सांगतो. ती 20 ते 100 किलोहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रावर चालते. तिची प्रमाणित चाचणी 30 सेंटिमीटर अंतरावर होते, पण आपल्या ओट्याची रचना अशी असते की पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर पोट ओट्याच्या कडेला टेकते आणि शेगडी त्याच कडेला मांडलेली असते. स्वित्झर्लंडमध्ये याच प्रश्नावर गर्भवती स्त्रीच्या शरीराच्या प्रतिकृती वापरून तपासणी झाली. भांडे लहान असेल, मध्यावरून सरकलेले असेल आणि स्त्री अगदी चिकटून उभी असेल, तर काही शेगड्यांचे क्षेत्र संदर्भ पातळीच्या वर जाते असे तेथे दिसले. तेथील आरोग्य विभागाचा सल्ला 5 ते 10 सेंटिमीटर अंतर ठेवण्याचा आहे, म्हणजे उपाय किती सोपा आहे ते पाहा. शेगडी ओट्याच्या कडेपासून वीतभर आत सरकवावी, सपाट बुडाचे आणि वर्तुळ पूर्ण झाकणारे भांडे नेमके मध्यावर ठेवावे, आणि चहाचे छोटे भांडे गॅसवर ठेवावे. तांबडा-पांढरा रस्सा शिजवण्याचे मोठे पातेले इंडक्शनवर चढवायचेच असेल, तर ते उचलण्याचे काम दुसऱ्या कोणीतरी करावे, आणि याचे कारण चुंबकीय क्षेत्र नाही. मायक्रोवेव्ह ओव्हनचे दार नीट बंद होत असेल आणि त्याची जाळी किंवा बिजागरी मोडलेली नसेल, तर तो बंद पेटीसारखाच असतो.

आता फाउंड्री. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्र्यांत वितळवण्यासाठी इंडक्शन फर्नेस वापरतात. त्यांची वारंवारता काही शे हर्ट्झपासून काही हजार हर्ट्झपर्यंत असते आणि कॉइलभोवती तसेच जाड केबलींजवळ क्षेत्र खरोखर मोठे असते. 1000 हर्ट्झला सामान्य नागरिकांची आंतरराष्ट्रीय संदर्भ पातळी 80 मायक्रोटेस्ला आहे, आणि भट्टीच्या अगदी जवळ ती ओलांडली जाऊ शकते. गर्भवतीला कामगारांची शिथिल मर्यादा लावायची नाही, हे वर सांगितलेच आहे. युरोपीय संघाच्या 2013 सालच्या निर्देशातही गर्भवती कामगारांचे स्वतंत्र मूल्यमापन करावे असे म्हटले आहे. आपण मात्र भिंतीपलीकडील कार्यालयात बसता आणि काही मीटरवर हे क्षेत्र फार झपाट्याने घटते, त्यामुळे खुर्चीवर बसून काम करण्यास हरकत नाही. हजेरीपत्रके किंवा मालाच्या नोंदी घेण्यासाठी भट्टीजवळ जाणे तेवढे बाळंतपणापर्यंत दुसऱ्याकडे सोपवून घ्यावे. आपले टेबल ज्या भिंतीला लागून आहे, तिच्या पलीकडे फर्नेसचा पॅनेल किंवा केबल असेल तर ते टेबल समोरच्या भिंतीकडे हलवून घ्यावे. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र कोणताही प्रसूतितज्ज्ञ देईल. भट्टीजवळ न जाण्याची आणखी कारणे म्हणजे उष्णता, धूर आणि निसरडी जमीन, आणि मी ती चुंबकीय क्षेत्राच्या आधी मांडीन. इचलकरंजीतील यंत्रमागांवर काम करणाऱ्या भगिनी हाच प्रश्न विचारतात, तेव्हा मी त्यांना मागाच्या मोटरीचे क्षेत्र विसरायला आणि आवाजाकडे लक्ष द्यायला सांगतो. स्वीडनमधील एका मोठ्या अभ्यासात गरोदरपणात दिवसभर 85 डेसिबलहून अधिक आवाजात काम केलेल्या स्त्रियांच्या मुलांत श्रवणदोषाचे प्रमाण अधिक आढळले आहे. आईच्या कानातील बोळे गर्भाच्या कानांना संरक्षण देत नाहीत.

दाढेच्या एक्स-रेकडे वळू. एक्स-रे हे अणूतील इलेक्ट्रॉन उखडणारे किरण आहेत, म्हणून तेथे काळजी रास्त आहे, परंतु तेथेही प्रश्न मात्रेचा आहे. गर्भाला निसर्गतःच संपूर्ण गरोदरपणात सुमारे 0.5 ते 1 मिलिग्रे (शरीरात शोषलेल्या किरणांचे एकक) इतकी मात्रा मिळते. छातीच्या एक्स-रेमध्ये गर्भापर्यंत पोचते ती 0.0005 ते 0.01 मिलिग्रे, आणि दाढेच्या एक्स-रेमध्ये झोत पोटाकडे वळलेलाच नसल्याने गर्भाला मिळणारी मात्रा नगण्य असते. पोटाच्या साध्या एक्स-रेत ती 0.1 ते 3 मिलिग्रे आणि ओटीपोटाच्या सीटी स्कॅनमध्ये 10 ते 50 मिलिग्रेपर्यंत जाऊ शकते. 50 मिलिग्रेच्या खाली गर्भात व्यंग किंवा गर्भपात वाढल्याचे आढळत नाही, आणि 100 मिलिग्रेच्या आतील मात्रा हे गर्भपात करण्याचे कारण होऊ शकत नाही, असे आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने 2000 सालीच नमूद केले आहे. हे मी विस्ताराने लिहितो, कारण न कळत काढलेल्या एका एक्स-रेपायी सुदृढ गर्भ काढून टाकण्याची मागणी घेऊन जोडपी आजही येतात. उलट बाजूही तितकीच चिंतेची आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेली गर्भवती छातीचा एक्स-रे नाकारते आणि क्षयरोगाचे निदान लांबते, यात आई आणि बाळ दोघांचेही नुकसान होते. खरी बंदी आहे ती किरणोत्सारी आयोडीनच्या उपचारावर. थायरॉइडसाठी तो देण्याचे ठरले असेल तर आधी गर्भचाचणी झालीच पाहिजे, कारण दहाव्या-बाराव्या आठवड्यानंतर गर्भाची थायरॉइड ग्रंथी ते आयोडीन स्वतःकडे ओढून घेते.

सोनोग्राफीत किरण नसतात, ध्वनिलहरी असतात. अठराव्या ते विसाव्या आठवड्यात बाळाच्या अवयवांची जी तपासणी करायची आहे, ती लहरींच्या भीतीने टाळू नये. एमआरआयमध्येही एक्स-रे नसतात आणि आवश्यक असेल तर तो गरोदरपणात करता येतो, फक्त चित्र अधिक स्पष्ट दिसावे म्हणून दिले जाणारे गॅडोलिनियमचे इंजेक्शन शक्यतो टाळले जाते. अंबाबाईच्या मंदिराच्या दारातील किंवा उजळाईवाडी विमानतळावरील मेटल डिटेक्टर क्षणभराचा आणि सौम्य असतो, त्यातून खुशाल जावे.

पोटपट्ट्याबाबत एवढेच सांगतो की, चांदीच्या धाग्याचे कापड काही लहरी अडवते हे खरे असले, तरी लहरी बाजूने, खालून आणि वरून येतच राहतात. फोनची अँटेना अर्धवट झाकली गेली, तर तो सिग्नल मिळवण्यासाठी आपली शक्ती वाढवतो. विक्रेत्याने दाखवलेल्या मापकाचा काटा पडतो तो पट्ट्याच्या थेट मागे. त्या पैशांत महिनाभराची अंडी, डाळी, खजूर, शेंगदाणे येतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील 52.2 टक्के गर्भवती रक्तक्षयग्रस्त आढळल्या, आणि आपले हिमोग्लोबिन किती आहे हे आपण प्रश्नात लिहिलेले नाही.

आता त्या तीन गोष्टी. पहिली म्हणजे फिजिओथेरपीतील शेक. पाठ दुखते म्हणून गर्भवती शेक घ्यायला जातात, आणि शॉर्टवेव्ह डायथर्मी हे यंत्र रेडिओ लहरींनीच शरीर आतून तापवते. मर्यादेच्या कितीतरी पट वर जाणारी ही मात्रा असते, कारण तापवणे हाच तिचा हेतू आहे. गरोदरपणात पोटावर आणि कमरेवर ती वर्ज्य आहे. म्हणून फिजिओथेरपिस्टच्या दारात पाऊल टाकताच दिवस गेल्याचे सांगावे. हे यंत्र चालवणाऱ्या गर्भवती फिजिओथेरपिस्टनीही ते सुरू असताना किमान मीटरभर दूर उभे राहावे. अमेरिकेतील फिजिओथेरपिस्ट स्त्रियांच्या 1993 सालच्या अभ्यासात मायक्रोवेव्ह डायथर्मी वापरणाऱ्यांत गर्भपात किंचित अधिक दिसले होते, शॉर्टवेव्ह वापरणाऱ्यांत नाही.

दुसरी गोष्ट ताप. लहरींनी शरीर तापण्याची भीती बाळगणाऱ्या घरात 102 अंश फॅरेनहाइटचा ताप मात्र अंगावर काढला जातो. पहिल्या सहा-सात आठवड्यांतील तीव्र तापाचा मज्जारज्जूच्या व्यंगांशी संबंध आढळला आहे. तो काळ आपला उलटून गेला असला, तरी पुढेही ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून तो उतरवावा.

तिसरी गोष्ट शॉकची. कोल्हापूरचा पावसाळा, ओल धरलेल्या भिंती, अर्थिंग नसलेला गिझर, गळकी वॉशिंग मशीन, ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून सुरू केलेली पाण्याची मोटर, यांतून हातातून शिरून पायातून बाहेर पडणारा प्रवाह थेट गर्भाशयातून जातो. घरातील बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे की नाही ते इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे, नसेल तर बसवावा, आणि त्यावरील चाचणीचे बटण दर महिन्याला दाबून तो पडतो का ते तपासावे. गिझरचे बटण बंद करूनच आंघोळीला जावे. शॉक बसलाच तर आपल्याला बरे वाटत असले तरी घरी बसून राहू नये, रुग्णालयात जाऊन आपला ईसीजी आणि बाळाचे ठोके तपासून घ्यावेत. विसाव्या आठवड्यानंतर काही तास देखरेखीखाली राहावे लागू शकते, आणि पुढील एक-दोन दिवसांत बाळाची हालचाल कमी जाणवली, पोट घट्ट होऊ लागले किंवा रक्त दिसले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच तासाला परत यावे.